खान्देशात वापरायचं स्मार्टवॉच कसं निवडावं

जळगावचं गोलाणी मार्केट असो की तालुक्याच्या गावातलं मोबाईलचं दुकान, काउंटरवर दीड हजाराचं आणि पंधरा हजाराचं घड्याळ शेजारी ठेवलं तर डब्यांवरची यादी जवळजवळ सारखीच निघते. हृदयाचे ठोके, ऑक्सिजन, झोप, शंभर प्रकारचे व्यायाम, ब्लूटूथ कॉलिंग. ही यादी वाचून घड्याळ घेतलं की पस्तावायची वेळ येते, कारण कामाचे प्रश्न तिच्यात नसतातच. तुमच्या फोनशी ते नीट जुळतं का? मे महिन्याच्या उन्हात आकडे दिसतात का? मराठी मेसेज वाचता येतो का? रात्रभर लाइट नसली तरी सकाळी चालू असतं का? बिघडलं तर द्यायचं कुठे? ही उत्तरं दुकानातच, पैसे देण्याआधी मिळवता येतात.

पहिला प्रश्न फोनचा

घड्याळ आवडण्याआधी खिशातला फोन बघा. अॅपल वॉच फक्त आयफोनबरोबर चालतं, अँड्रॉइड फोनला ते जोडताच येत नाही. उलट बाजूने, सॅमसंगची २०२१ सालच्या गॅलेक्सी वॉच ४ पासून पुढची घड्याळं आणि गुगलचं पिक्सेल वॉच आयफोनला जोडता येत नाहीत. सॅमसंगच्या घड्याळातला ईसीजी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, तर सॅमसंगचाच फोन असेल तरच चालतो, दुसऱ्या कंपनीचा अँड्रॉइड असेल तर ती सोय बंद राहते. ईसीजीसाठीच महागडं घड्याळ घेणाऱ्याने हे आधी तपासावं.

गार्मिन, अमेझफिट, नॉइज, बोट, फास्टट्रॅक यांची घड्याळं दोन्हीकडे चालतात. मात्र आयफोनला जोडल्यावर त्यांच्यावरून मेसेजला उत्तर सहसा देता येत नाही, फक्त वाचता येतो. फोन चार-पाच वर्षं जुना असेल तर डब्यावर अँड्रॉइडची किमान कोणती आवृत्ती मागितली आहे ते बघा. फोनच्या सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ या ठिकाणी तुमची आवृत्ती दिसते.

पूर्ण संगणकासारखं चालणारं घड्याळ, म्हणजे अॅपल किंवा गॅलेक्सी, एक-दीड दिवसात चार्जिंग मागतं. त्यात नवी अॅप टाकता येतात आणि उत्तरं लिहिता येतात. हलक्या प्रणालीवरची घड्याळं पाच ते चौदा दिवस चालतात, पण कंपनीने दिलं तेवढंच करतात. रोज रात्री घड्याळ चार्जिंगला लावायची सवय होईल असं वाटत नसेल, तर पहिला गट यादीतून काढून टाका. पैसे हातात असले तरीही.

उन्हात दिसलं पाहिजे

आपल्याकडे ही गोष्ट पुण्या-मुंबईपेक्षा जास्त महत्त्वाची आहे. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली प्रत्येक पडदा झकास दिसतो. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, दुपारी बाराला मोटरसायकलवर बसून मनगटाकडे बघितलं की निम्म्या घड्याळांत फक्त आपलाच चेहरा दिसतो.

पडद्याचा उजेड ‘निट्स’मध्ये सांगतात. पाचशे-सहाशे निट्स सावलीत आणि घरात पुरतात. उघड्यावर काम असेल तर हजाराच्या वर बघा. स्वस्त घड्याळात एलसीडी असतो, त्याचा काळा रंगही करडा दिसतो आणि उन्हात तो फिका पडतो. अमोलेड या दुसऱ्या प्रकारच्या पडद्यात काळा खरंच काळा असतो, म्हणून काळ्या पार्श्वभूमीवर मोठे पांढरे आकडे असलेली डायल लावली की ती उन्हातही वाचता येते आणि बॅटरीही वाचते. गार्मिनच्या काही घड्याळांत तिसऱ्या प्रकारचा पडदा असतो. तो सूर्याचाच प्रकाश परत फेकतो, त्यामुळे ऊन जितकं कडक तितका तो स्पष्ट दिसतो. घरात तो मळकट वाटतो म्हणून लोक बाजूला ठेवतात, पण दिवसभर शेतात असणाऱ्यासाठी यापेक्षा चांगला पडदा नाही.

दुकानदाराला सरळ सांगा, “भाऊ, जरा बाहेर उन्हात नेऊन बघू द्या.” उजेड पूर्ण वाढवा, डायल साधी ठेवा आणि हात खाली सोडून परत वर उचला. मनगट वळवल्यावर पडदा एका सेकंदात जागा झाला पाहिजे. गाडी चालवताना दुसऱ्या हाताने टिचकी मारत बसणं धोक्याचं आहे.

उष्णतेचा दुसरा परिणाम बॅटरीवर होतो. अॅपल आपल्या साध्या घड्याळांसाठी वापराचं भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश सांगते, आणि लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये हा सर्वसाधारण नियम आहे. पत्र्याच्या शेडमध्ये, गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा ट्रॅक्टरच्या टपावर ठेवलेलं घड्याळ सहज त्याच्या पुढे जातं. मग ते गरम झाल्याचा इशारा देऊन बंद पडतं, आणि असं वारंवार झालं की बॅटरी लवकर म्हातारी होते. उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे किंवा रात्री, पंख्याखाली करा.

पाणी, धूळ आणि केळीचा चीक

‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर जाऊ नका, आकडा विचारा. आयपी हा धूळ आणि पाण्यापासून बचाव सांगणारा आकडा. आयपी ६७ म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात तीस मिनिटं. आयपी ६८ मध्ये खोली कंपनी स्वतः ठरवते, बहुतेक वेळा दीड मीटर लिहिलेलं असतं. ही घड्याळं घाम, पाऊस आणि हात धुण्यापुरती आहेत. विहिरीत किंवा तापीत पोहायचं असेल तर ‘५ एटीएम’ लिहिलेलंच घ्या. त्याचा अर्थ ५० मीटर खोलीइतका स्थिर दाब असा आहे, ५० मीटर बुडी मारा असा नाही. विहिरीच्या काठावरून उडी मारली की पाण्याचा आपटणारा दाब त्याहून वेगळा असतो.

आकडा कोणताही असो, गरम पाण्याची आंघोळ आणि साबण घड्याळाला सोसत नाही. आतलं रबरी सील गरम झाल्यावर फुगतं, साबणाने पाण्याचा ताण कमी होतो आणि वाफ आत शिरते. काचेच्या आतून दव दिसलं की समजा सील गेलं. वॉरंटीत हे नुकसान बहुतेक वेळा धरत नाहीत.

धुळीसाठी आयपी नंतरचा पहिला आकडा ६ हवा. डब्यावर ‘आयपीएक्स ८’ असेल तर त्या ‘एक्स’चा अर्थ धुळीची चाचणी सांगितलेली नाही. काचेच्या ओरखड्यांचं कारणही धूळच असते. वाळूतला गारगोटीचा कण कठीणपणाच्या मोजपट्टीवर ७ च्या आसपास येतो, साधी काच साडेपाच-सहावर. म्हणून कोरड्या रुमालाने घासून पुसलेली काच चरे घेते. आधी फुंकर मारा किंवा पाण्याने धूळ वाहून जाऊ द्या, मग पुसा. सफायर काच ९ वर असते, तिला वाळूचा चरा पडत नाही, पण ती महाग घड्याळातच मिळते. बाकीच्यांनी शंभर-दीडशे रुपयांचा संरक्षक थर लावून घ्यावा.

रावेर, यावल, सावदा, फैजपूर भागात केळीच्या बागेत काम करणाऱ्यांनी फिकट रंगाचा पट्टा घेऊच नये. चिकाचे तपकिरी डाग सिलिकॉनवरूनही जात नाहीत आणि कापडी पट्ट्यावर तर कायमचे बसतात. काळा किंवा गडद निळा सिलिकॉन घ्या, पट्ट्याची रुंदी २० किंवा २२ मिमी असेल आणि नेहमीच्या पिनेने निघत असेल तर दुसरा पट्टा कुठेही मिळतो. कंपनीचा खास खटक्याचा पट्टा असेल तर तुटल्यावर ऑनलाइन मागवावा लागतो. फवारणीला जाताना घड्याळ घरीच ठेवा. औषधातली द्रावणं प्लास्टिक आणि पट्टा खराब करतातच, शिवाय पट्ट्याखाली अडकलेलं औषध तासन् तास कातडीला लागून राहतं.

शरीराचे आकडे कितपत खरे

घड्याळाच्या पाठीमागचा हिरवा दिवा कातडीत प्रकाश टाकतो. रक्त तो प्रकाश शोषतं, ठोक्याबरोबर रक्ताचं प्रमाण कमी-जास्त होतं आणि परत आलेल्या प्रकाशावरून ठोके मोजले जातात. ऑक्सिजनसाठी लाल आणि इन्फ्रारेड दिवे लागतात. चांगल्या घड्याळात बसलेल्या माणसाचे ठोके बऱ्यापैकी बरोबर येतात. चुकतात ते घड्याळ ढिलं असल्यावर, हात जोरात हलत असल्यावर किंवा मनगटावर गोंदण असल्यावर. गोंदणाची शाई प्रकाश अडवते. आपल्याकडे आजीच्या, आईच्या मनगटावर गोंदण असणं नेहमीचं, त्यामुळे त्यांच्यासाठी घेताना त्यांच्याच हातावर, शक्यतो गोंदण नसलेल्या जागी घालून बघा. बांगड्यांच्या वर, मनगटाच्या हाडापासून एक बोट अंतर सोडून ते बसलं पाहिजे.

आकडे तपासायची रीत अशी. पाच मिनिटं शांत बसा, दुसऱ्या हाताच्या बोटांनी नाडी धरून पूर्ण ६० सेकंद मोजा आणि घड्याळाशी ताडून बघा. चार-पाच ठोक्यांचा फरक चालेल. मग दोन मजले भरभर चढा आणि लगेच परत मोजा. तुमची नाडी १२० वर गेली आणि घड्याळ अजून ८० दाखवतंय, तर ते ठेवून द्या. टेबलावर किंवा केळ्यावर घड्याळ ठेवून ‘बघा, इथेही ठोके दाखवतं’ असे व्हिडिओ फिरतात. त्यावरून निकाल लावू नका, चांगलं घड्याळही परत आलेल्या प्रकाशातल्या हालचालीला कधी कधी ठोका समजतं.

रक्तदाबाबद्दल जास्त सावध राहा. फुगणारा पट्टा नसेल तर घड्याळ दाब मोजत नाही, प्रकाशाच्या लाटेवरून अंदाज बांधतं. सॅमसंग ही सोय देताना पट्ट्याच्या मशीनवर दाब मोजून घड्याळ जुळवायला लावते आणि दर २८ दिवसांनी ते परत करायला सांगते. दोन हजाराचं घड्याळ असं काहीच न विचारता सगळ्यांना ११८/७८ च्या आसपास दाखवत असेल, तर तो आकडा फेकून द्या.

घड्याळ साखर मोजतं का, याचं उत्तर तर सरळ ‘नाही’. सुई न टोचता साखर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियंत्रण संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. बाजारात अशी घड्याळं दिसतात, त्यांच्यावर विसंबून कुणी इन्सुलिनचा डोस बदलला तर जिवावर बेतेल. घरात मधुमेही असेल तर तेच पैसे ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांवर खर्च करा. दाबाचा त्रास असेल तर दंडाचं मशीन घ्या. घड्याळ नंतर.

अॅपलने २०१८ मध्ये आणलेला ईसीजी ठोक्यांची अनियमितता पकडायला उपयोगी पडतो, पण हार्ट अटॅक ओळखत नाही, हे कंपनी स्वतःच सांगते. छातीत दुखत असताना घड्याळात बघत बसू नका, १०८ लावा.

झोपेचे टप्पे हा अंदाज असतो. किती वाजता झोपलात आणि उठलात एवढंच त्यातलं भरवशाचं. पावलंही हाताच्या हालचालीवर मोजली जातात, म्हणून डोक्यावर पाटी धरून चाललेली पावलं गळतात आणि खडबडीत रस्त्यावर मोटरसायकलने गेलेली भरीला येतात.

जीपीएस: शब्द एक, अर्थ दोन

डब्यावर ‘जीपीएस’ लिहिलेलं असलं तरी बऱ्याच स्वस्त घड्याळांत ते फोनचं असतं. घड्याळात स्वतःचं जीपीएस आहे का, असा नेमका प्रश्न विचारा. खात्री करायची तर फोनचं ब्लूटूथ बंद करा, दुकानाबाहेर मोकळ्या जागी जाऊन ‘धावणे’ सुरू करा. स्वतःचं जीपीएस असेल तर एक-दोन मिनिटांत उपग्रह सापडल्याची खूण येते. नसेल तर ते फोन मागत राहतं.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना ही सोय हवी असते, आणि त्यांची फसवणूकही इथेच होते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. गोल मैदानावर जीपीएस एक-दोन टक्के चुकणं साधं आहे. १६०० मीटरवर दोन टक्के म्हणजे ३२ मीटर, पाच मिनिटांच्या धावेत सहा सेकंद. गुण सेकंदांवर ठरतात, म्हणून अंतर मैदानाच्या चुन्याच्या रेघेवरून घ्या आणि घड्याळाकडून फक्त प्रत्येक फेरीची वेळ. त्यासाठी दाबायचं खरं बटण असलेलं घड्याळ हवं. घामाच्या बोटाला टच दाद देत नाही. दोन-तीन हजारात हे सगळं एकत्र मिळणं कठीण आहे. बजेट तेवढंच असेल तर फेऱ्या नोंदवणारं साधं डिजिटल घड्याळ किंवा स्टॉपवॉच जास्त कामाचं. आणि लेखी परीक्षेला स्मार्टवॉच घालून जाऊ नका, स्पर्धा परीक्षांच्या हॉलमध्ये त्यावर बंदी असते.

शेत मोजायला घड्याळ चालेल का, हेही विचारलं जातं. एक एकर म्हणजे ४० गुंठे, ४,०४७ चौरस मीटर. चौकोनी एकराची बाजू साधारण ६३.६ मीटर. मनगटावरचं जीपीएस तीन मीटर सहज चुकतं. चारही बाजूंनी तेवढं बाहेर गेलं तर बाजू ६९.६ मीटर होते आणि तोच एकर जवळपास ४८ गुंठे भरतो. ठिबकच्या नळ्यांचा किंवा मजुरीचा ढोबळ अंदाज घ्यायला ठीक, बांधाच्या वादात मात्र सरकारी मोजणीच लागते.

कॉल, सिम आणि पंपाची मोटर

ब्लूटूथ कॉलिंगमध्ये कॉल फोनचाच असतो, घड्याळ फक्त माइक आणि स्पीकर. मोकळ्या जागेत दहा मीटरपर्यंत चालतं, मध्ये भिंत आली की कमी. घड्याळ घालून मळ्यात आणि फोन घरात, असं चालणार नाही. त्यासाठी ई-सिमचं, म्हणजे आतच डिजिटल सिम असलेलं घड्याळ लागतं, ते महाग असतं आणि फोनचं सिम ज्या कंपनीचं तिचंच ई-सिम घ्यावं लागतं. धडगाव-अक्कलकुवा भागातल्या डोंगरात जिथे फोनलाच रेंज नसते, तिथे घड्याळाच्या छोट्या अँटेनाकडून अपेक्षा ठेवू नका.

मोबाईल स्टार्टरवरून मोटर चालू-बंद करणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की तपासावी: कॉल चालू असताना आकडे दाबायचा कीपॅड घड्याळात येतो का? बरेच स्टार्टर ‘चालूसाठी अमुक दाबा’ असं सांगतात, आणि कीपॅड नसेल तर फोन काढावाच लागतो. रात्रीच्या लाइटवर पाणी भरणाऱ्यांना मनगटावर थरथरणारा गजर खरोखर उपयोगी आहे. घरच्यांची झोप न मोडता तुम्ही उठता. थरथर किती जोरदार आहे ते दुकानात अनुभवून बघा, हलकी असेल तर थकलेला माणूस उठत नाही.

मराठी अक्षरं

व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच किंवा सोबतच्या माणसाकडून मेसेज मागवा: ‘शेतकऱ्यांना ज्ञानेश्वरचा श्रीखंडाचा डबा द्या’. घड्याळात चौकोनी डबे दिसले तर देवनागरी नाही. अक्षरं दिसली पण ‘ऱ्या’, ‘ज्ञ’, ‘श्री’ तुटले, वेलांट्या भलतीकडे गेल्या, तर रोज वाचताना त्रास होईल. फोनमध्ये नावं मराठीत जतन केली असतील तर कॉल करूनही बघा.

बॅटरी

डब्यावरचे दहा दिवस कॉलिंग बंद, पडदा सतत चालू न ठेवता आणि मोजके मेसेज धरून असतात. रोजच्या वापराला त्याचे निम्मे धरा. भरपूर कॉल घेतले तर दोन-तीन दिवस. जीपीएस सतत चालू ठेवलं तर हिशेब दिवसांऐवजी तासांवर येतो.

चार्जर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, शेजाऱ्याचा चालत नाही. जादा केबल किती रुपयांना आणि कुठे मिळते ते घेतानाच विचारा. घामातल्या मिठाने पाठीमागच्या पितळी ठिपक्यांवर हिरवट-काळा थर चढतो आणि एक दिवस चार्जिंग थांबतं. आठवड्याला एकदा ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवा, मगच चार्जिंगला लावा. चुंबकाच्या केबलला किल्ल्या चिकटल्या तर शॉर्ट होतं, वापर झाला की ती सॉकेटमधून काढा. फोनचा मोठा फास्ट चार्जर नको, ५ व्होल्ट १ अँपिअरचा साधा पुरतो.

माप आणि बिल

मनगटाला दोरा गुंडाळून पट्टीवर मोजा. १४-१५ सेंटीमीटर असेल तर ४० ते ४२ मिमीचं घड्याळ, १७ च्या वर असेल तर ४४ ते ४६. बारीक मनगटावर दोन इंचाचा चौकोनी पडदा बसवला की कडा उचलल्या जातात, खालून उजेड शिरतो आणि ठोके चुकतात. वजन पट्ट्यासकट ५० ग्रॅमच्या आत असेल तर झोपतानाही जाणवत नाही. रात्री तासभर तरी काढून ठेवा, घाम साचून पुरळ उठतं.

घरी आणल्यावर ‘मेसेजच येत नाहीत’ ही नेहमी येणारी तक्रार, आणि बहुतेक वेळा दोष फोनच्या सेटिंगचा असतो. शाओमी, विवो, ओप्पो, रियलमी हे फोन बॅटरी वाचवायला मागे चाललेली अॅप बंद करतात. घड्याळाच्या अॅपला ‘ऑटोस्टार्ट’ची परवानगी द्या, बॅटरीच्या सेटिंगमध्ये ‘निर्बंध नाही’ निवडा आणि नोटिफिकेशन वाचायची परवानगी चालू करा. फोटो किंवा फाइल्सची परवानगी मागितली तर नकार द्या, त्यावाचून मेसेज आणि ठोके अडत नाहीत.

डब्यावर किंवा लेबलवर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा, ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये तो टाकला की कंपनीचं नाव दिसतं. आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी आणि बनवल्याचा महिना छापलेला नसेल तर घड्याळ घेऊ नका. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि बिलावर मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्या, कच्च्या चिठ्ठीवर वॉरंटी मिळत नाही. सर्व्हिस सेंटर जळगाव किंवा धुळ्यात आहे का, नसेल तर तुमच्या पिनकोडवरून कुरिअरने घड्याळ उचलतात का, हे पैसे देण्याआधी कंपनीच्या नंबरवर फोन करून विचारा. ऑनलाइन घेतलं असेल तर परत करायच्या मुदतीतच नाडीची, उन्हाची आणि मराठी मेसेजची चाचणी उरका, तोवर संरक्षक थर लावू नका आणि डबा फाडू नका. दुकानदार किंवा कंपनी वॉरंटी असून टाळाटाळ करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर बिल हातात ठेवून तक्रार नोंदवा.